पाय धुवायचं पाणी

त्या दिवशी रतनबाई दौंडला निघाल्या त्या नेहमीच्याच कामाला. पिशवीत क्रेप बँडेजचे गुंडाळे, पावडरचा डबा आणि शिरूरच्या बाजारातली मेथीची जुडी. एसटीच्या खिडकीची काच वरही जात नव्हती आणि खालीही येत नव्हती. धूळ मात्र बिनबोभाट आत येत होती. पदर नाकाला लावून रतनबाईंनी डोळे मिटले. झोप काही लागली नाही. सगळी हयात वॉर्डात गेलेल्या बाईला शेजारी कुणी कण्हत असलं तरच झोप लागते, असं त्या स्वतःच हसून सांगायच्या. हल्ली हसायच्या नाहीत, नुसतं सांगायच्या.

सरकारी दवाखान्यातून निवृत्त झाल्या, गुडघे बोलायला लागले, आता घरी बसायचं असं ठरवलं, तोच पुण्याच्या एका संस्थेचं बोलावणं आलं. त्र्याण्णवच्या मार्चात मुंबईत बॉम्ब फुटले, त्यात सापडलेली माणसं आपापल्या गावी परतली होती. कुणाचा हात गेलेला, कुणाचा डोळा, कुणाच्या घरचं माणूसच. त्यांच्याकडे जाऊन बसायचं, जखमा बघायच्या, पुन्हा कामाधंद्याला लावायचं. शिरूर आणि दौंड तालुक्यांत मिळून रतनबाईंच्या वाट्याला दोन घरं आली. पहिल्या महिन्यात त्या घरांपुढे मोटारी लागल्या, फोटो निघाले, पुढाऱ्यांनी खांद्यावर हात ठेवले. दुसरं वर्ष लागलं तेव्हा तिथं जाणाऱ्या एकट्या रतनबाईच उरल्या होत्या.

दौंडात मच्छिंद्र बहिणीच्या आश्रयाला होता. तिशीच्या आतला, मुंबईत टेम्पोवर ड्रायव्हर. माल उतरवायला गाडी उभी केली आणि पुढचं त्याला आठवतं ते थेट हॉस्पिटलचं छत. डावा पाय गुडघ्याखाली नव्हता. तुटला तो सापडलाच नाही, असं त्याला सांगण्यात आलं होतं.

रतनबाई आल्या तेव्हा त्याची बहीण पार्वतीबाई दारातच भेटली. "तुमीच सांगा त्याला, सिस्टर. म्या सांगून सांगून थकले. इस्टेशनापाशी फोनचं बूथ मंजूर झालंय. शटर उघडाय आलं पायजे, उभं ऱ्हाता आलं पायजे, एवढंच म्हनत्यात. आन् पुन्याहून आलेला पाय ह्यानं कोपऱ्यात ठिवलाय. आमचे हे काय बोलत न्हाईत... पर दिसतं की तोंडावर."

नवा पाय खरंच कोपऱ्यात होता. जुन्या लुगड्यात गुंडाळून, भिंतीला टेकवून, रुसलेल्या पोरासारखा.

रतनबाईंनी मेथी तिच्या हातात दिली आणि मच्छिंद्रच्या पुढ्यात बसल्या. आधी त्याचा उजवा पाय मांडीवर घेतला. सगळा भार त्याच्यावर, सूज येते की काय ते बघावं लागे. अंगठ्याशेजारची दोन बोटं एकमेकांना चिकटलेली होती, जन्मापासूनची.

"दोन्हींची तशीच हुती," मच्छिंद्र म्हणाला. "आई म्हनायची, असल्या पायाचा मानूस घरात आला की घराचं भलं हुतं."

"मग हा नवा का घालत नाहीस?"

त्यानं बहीण स्वयंपाकघरात गेल्याचं पाहिलं. आवाज खाली आणला.

"घालू कसा, सिस्टर? जागा मोकळी न्हाई. माझा पाय हाय अजून. आन् त्यो चालतोय."

रतनबाईंना यात नवं काही वाटलं नाही. गेलेला पाय खाजतो, ठणकतो, त्याची बोटं आखडतात, हे त्यांनी किती जणांकडून ऐकलं होतं. शिरा तुटतात, पण मेंदूला खबर उशिरा लागते, हे त्या समजावू लागल्या. मच्छिंद्रनं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"डॉक्टरबी हेच म्हनले. पर ऐका की. हास्पिटलात हुतो तवा एका सांजंला पाय पेटला. सरणावर ठेवल्यावानी. मी बोंबललो, चौघांनी धरला मला. सकाळी इझला. मग गार पानी लागलं, वाहतं. त्याच्यानंतर वरीसभर कायबी न्हाई. मला वाटलं, सुटलो. आन् औंदा उन्हाळा लागला तवापासनं त्यो चालतोय. रोज, दिवेलागणीला."

"कुठं चालतो?"

"काय म्हाईत. आधी वाळू लागती. मग नांगरट, ढेकळं टोचत्यात. मग बांध, बाभळीचं काटं. मग सपाट फरशी, शहाबादी असावी. तिथं थांबतो. आन् मग..." तो अडला. "मग कुनीतरी त्येच्यावर पानी घालतं. पाय धुतं, सिस्टर."

बाहेर यार्डात इंजिनानं शिटी दिली. पार्वतीबाईनं देवापुढे दिवा लावला आणि खोलीत वातीचा वास पसरला. मच्छिंद्रनं रतनबाईंचा हात धरून आपल्या थोट्या पायावर ठेवला. "बघा. निघाला."

हाताखाली मांडीचा स्नायू ताणला, ढिला पडला, पुन्हा ताणला. तो सावकाश, थकल्या माणसाच्या चालीनं हलत होता. रतनबाईंनी मच्छिंद्रच्या तोंडाकडे पाहिलं. तो दाराकडे बघत होता, जसा माणूस एसटीतून बाहेर बघतो.

"आन् ही चाल माझी न्हाई," तो हळूच म्हणाला. "मी पाय उचलून टाकायचो. ह्यो कोन हाय, त्यो टाच घासून चालतो..."

दुसरं घर कारेगावला होतं. तिकडच्या माळावर कारखान्यांसाठी रस्ते आखले जात होते. दिवसभर बुलडोझर घरघरत, आणि संध्याकाळी ते थांबले की माळ एकदम मुका होई. त्या माळाच्या कडेला, नांगरलेल्या रानाला लागून साखरबाईचं दोन खोल्यांचं घर. तिचा नवरा संपत मुंबईत गोदामावर राखणदार होता. बॉम्ब फुटला तेव्हा तो रस्त्यापलीकडे चहा घेत उभा होता. मच्छिंद्रचा टेम्पो त्याच रस्त्यावर उभा होता, पण दोघं एकमेकांना ओळखत नव्हते.

साखरबाईसाठी पुण्यात मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाचं काम ठरलं होतं. राहायला खोली, दोन वेळचं जेवण. ती जात नव्हती. रतनबाई गेल्या तेव्हा तिच्या हाताची हाडं बांगड्या काढलेल्या मनगटात मोजता यावीत अशी वर आली होती.

"तिथं गेलीस तर चार माणसांत राहशील," रतनबाई म्हणाल्या. "इथं भिंती बघून काय मिळतं?"

"जाईन की, ताई. बघू." आणि थोड्या वेळानं, "तुमी निघा आता. गाडी चुकंल."

ऊन रानापलीकडे उतरलं होतं. साखरबाई सारखी दाराकडे बघत होती. रतनबाई उठणारच होत्या, पण गुडघ्यात कळ आली आणि त्या पुन्हा टेकल्या. तेव्हा त्यांची नजर दारापुढच्या अंगणावर गेली. अंगणात शहाबादी फरशी घातली होती. फरशीपुढे बाभळीचं कुंपण, त्यापुढे बांध, बांधापलीकडे नांगरट. आणि नांगरटीच्या पार टोकाला ओढ्याची पांढरी वाळू.

"चुकू दे गाडी," त्या म्हणाल्या. आपलाच आवाज त्यांना लांबचा वाटला.

बुलडोझर थांबले. माळ मुका झाला. साखरबाई आत जाऊन तांब्याभर पाणी घेऊन आली आणि डोक्यावर पदर ओढून उंबऱ्याच्या आत उभी राहिली. ओल्या राखेचा वास आला. मग रानातून आवाज आला... ढेकूळ फुटल्यासारखा. थांबला. पुन्हा एक. मध्ये दुसऱ्या पायाचा आवाज असायला हवा तिथं काहीच नव्हतं, नुसती थोडी वाट. मग काटक्या मोडल्या. मग फरशीवर टाच घासल्याचा आवाज, अगदी जवळ.

फरशीवर कुणी नव्हतं.

साखरबाईनं वाकून पाणी ओतलं. पाणी फरशीवर पसरत गेलं आणि एका जागी दुभंगलं. एवढीशी जागा कोरडी राहिली. टाच, चवडा, बोटं. डाव्या पायाची. अंगठ्याशेजारची दोन बोटं एकमेकांना चिकटलेली.

रतनबाई बाबासाहेबांना मानणाऱ्या घरातल्या. भूत, मुंजा, हडळ यांची नावंसुद्धा त्यांच्या घरात कुणी घेत नसे. वॉर्डात प्रेतापाशी एकट्या बसून त्यांनी चहा प्यायला होता. आता त्यांनी आपले पाय अंगाशी ओढून घेतले.

कोरडी जागा हळूहळू ओली झाली तेव्हा साखरबाई बोलली. "त्यो पाय त्यांचा न्हाई, ताई."

"तुला ठाऊक आहे?"

"मुंबईहून त्यास्नी आनलं तवा फडक्यात बांधलेलं. सोडू नका म्हनले. म्या सोडलं. आंघूळ नको का घालाय? त्यांचा डावा पाय न्हवताच. दुसऱ्या कुनाचा तरी जोडून दिलेला. ती जोडबोटं बघितली आन् मी समजले." तिनं तांब्या पोटाशी धरला. "कुनाला बोलले न्हाई. त्याच पायासंगं अग्नी दिला. वर्षश्राद्ध झालं आन् हे यायला लागले. त्यांचा सोताचा पाय तिकडंच ऱ्हायला असंल. ह्या पायावर का व्हईना, घरापातुर येत्यात. आत पाय टाकत न्हाईत... परका हाय ना. पर येत्यात."

रतनबाईंनी तिला मच्छिंद्रबद्दल सांगितलं. सांगावं की नाही याचा विचार करायलासुद्धा त्यांच्यात बळ नव्हतं. साखरबाईनं ऐकलं आणि त्यांचे पाय धरले.

"त्याला नवा पाय देऊ नका, ताई. त्यानं नवा घातला तर ह्यो ऱ्हाईल का? मग हे कशावर येतील?"

शेवटची गाडी मिळाली. शिरूरला घरी आल्यावर रतनबाई दिवा न लावताच बसून राहिल्या. एकाला उभं करावं तर दुसरीचं माणूस दुसऱ्यांदा जातं. आणि हिला सोडवावं तर कशापासून? इतक्या वर्षांत त्यांनी किती जणांच्या उशाशी बसून खरं-खोटं समजावलं होतं. आता फक्त दमणूक होती, हाडांत मुरलेली.

पुढच्या खेपेला त्यांनी मच्छिंद्रला सगळं सांगितलं. त्यानं कोपऱ्यातल्या नव्या पायाकडे पाहिलं. मग त्याच्या तोंडावर हसू आलं. इतक्या महिन्यांत रतनबाईंनी ते पाहिलं नव्हतं.

"म्हंजी वाया न्हाई गेला," तो म्हणाला. "मला तिथं न्या, सिस्टर. मी कुठं जातोय ते एकदा मला बघायचंय."

संस्थेची जीप मिळाली. एका पीडिताची दुसऱ्याशी गाठ घालून देणार, एवढंच रतनबाईंनी कळवलं. ते खोटंही नव्हतं. जीपमध्ये मच्छिंद्रनं नवा पाय मांडीवर आडवा घेतला होता आणि कुबड्या पायाशी. ड्रायव्हरला त्यांनी कारेगावातच चहाला उतरवलं आणि शेवटचा तुकडा दोघं पायी गेले. मच्छिंद्र कुबड्यांवर, रतनबाई मागे.

साखरबाई दारात उभी होती. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग तिची नजर त्याच्या उजव्या पायाच्या बोटांवर गेली आणि तिनं पदर तोंडात धरला.

"वहिनी, रागवू नका," मच्छिंद्र म्हणाला. "मी कायबी परत न्यायला आलो न्हाई."

तो फरशीवर जाऊन रानाकडे तोंड करून उभा राहिला. माळ शांत झाला. आकाशात उजेड होता, जमिनीवर नव्हता.

"निघाला," तो पुटपुटला. "वाळू लागतीया..." थोडा वेळ गेला. "आता ढेकळं. सिस्टर... ऐकू येतंय का तुमास्नी?"

येत होतं. नांगरटीत ढेकूळ फुटत होतं, आणि दर आवाजाला कुबडीवरल्या मच्छिंद्रची मांडी हलत होती.

"आता बांध... काटं... आई गं." त्याचा चेहरा वेदनेनं आक्रसला, आणि त्याच क्षणी कुंपणात काटकी मोडली. "सिस्टर, मीच येतोय की ओ... मीच माझ्याकडं येतोय..."

राखेचा ओला वास दाटला. टाच फरशीवर घासली. थांबली.

साखरबाईनं पाणी ओतलं. ते मच्छिंद्रच्या उजव्या पायाला भिजवून पुढे गेलं आणि त्या पायाशेजारी, जिथं नुसती हवा होती तिथं, दुभंगलं. भिजलेला उजवा, कोरडा डावा. एकाच आईची दोन लेकरं शेजारी उभी राहावीत तसे. मच्छिंद्रनं दोन्ही कुबड्या सोडल्या. त्या फरशीवर आपटल्या. तो पडला नाही.

रतनबाई पुढे धावल्या होत्या, त्या जागच्या जागी थबकल्या.

"दादा," मच्छिंद्र समोरच्या रिकाम्या जागेला म्हणाला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज साधा होता, सोबतच्या ड्रायव्हरशी बोलावा तसा. "लई चाललासा. मला दुसरा मिळालाय. ह्यो घ्या तुमी. परका समजू नका. माझं जे काय हाय ते तुमचंच समजा. जावा आत."

वारा नव्हता. फरशीवरची कोरडी जागा पाण्यानं भरून गेली. मच्छिंद्र एकदम डावीकडे कलंडला आणि रतनबाईंनी त्याला कसंबसं सावरलं.

"गेला," तो त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून म्हणाला. "मोकळी झाली जागा."

आणि त्यांच्या पाठीमागे, घराच्या आत, शेणानं सारवलेल्या जमिनीवर टाच घासत गेल्याचा आवाज झाला. साखरबाई आत गेली आणि तिनं दार लोटून घेतलं.

रतनबाईंना वाटलं होतं, एकदा हे झालं की साखरबाईचा संपत निघून जाईल, त्याची वाट तो धरेल. माणसं निरोपाचा शब्द ऐकायला अडून राहतात, असं त्यांनी मरणाऱ्यांपाशी बसून पाहिलं होतं. तो आत गेला याचं काय करायचं ते त्यांना कळेना. मच्छिंद्रला जीपपर्यंत न्यायचं होतं. तेवढं त्यांनी केलं.

मच्छिंद्रनं पाय घातला. आधी पट्ट्यांनी कातडं सोललं, मग ते निबर झालं. दसऱ्याला त्यानं स्टेशनरोडवर फोनचं बूथ उघडलं. पार्वतीबाईनं शटरला झेंडूचं तोरण बांधलं आणि तिचा नवरा पहिला फोन करायला आला. संस्थेच्या लोकांनी फोटो काढला. पाय गप्प होता. दिवेलागण आली आणि गेली तरी गप्प होता.

साखरबाई मात्र वसतिगृहात गेली नाही. दिवाळीनंतर रतनबाई तिला भेटायला गेल्या, तर ती अंगानं भरली होती. कोरडी चौकट, झाडलेलं अंगण. केस चापूनचोपून विंचरलेले, तेल इतकं लावलेलं की कपाळावर ओघळ आला होता.

"कशी आहेस?"

"बरी हाय की, ताई. आता आत येत्यात ना." ती लाजल्यासारखी हसली. "बसत्यात घटकाभर. डोई दुखतीया म्हनलं तर..." पुढचं तिनं गिळलं. "तुमी आता एवढ्या लांबनं कशाला येता? मला काय लागत न्हाई."

रतनबाईंनी चहा घेतला नाही. ऊन असतानाच त्या निघाल्या. गुडघे दुखत होते, तरी फाट्यापर्यंत कुठं थांबल्या नाहीत.

तिथून दौंडला पोचायला त्यांना उशीर झाला. बूथवर गर्दी नव्हती. मच्छिंद्र आपल्या नव्या पायावर ताठ उभा राहून त्यांना स्टूल पुढे करत होता. पण स्टूल त्यानं डाव्या हातानं ओढलं, पाण्याचा ग्लास डाव्यानं दिला, आणि फोन वाजला तेव्हा रिसीव्हरही डाव्याच हातानं उचलला. उजवा हात काउंटरवर पडून होता, कुणीतरी विसरून गेल्यासारखा.

"हाताला काय झालं?"

"काय न्हाई, सिस्टर. मुंग्या येत हुत्या. आता त्याबी येत न्हाईत."

रतनबाईंनी हात हातात घेतला. गार होता. नाडी लागत होती, पण लांबून कुठून तरी. पदराची पिन काढून त्यांनी त्याच्या बोटाच्या टोकाला टोचली, मग जरा जोरात टोचली. रक्ताचा थेंब आला. मच्छिंद्रनं पापणीही हलवली नाही.

"कधीच काही कळत नाही?"

त्यानं त्यांच्याकडे पाहिलं नाही. "दिवसा न्हाई कळत."

स्टेशनरोडवरच्या दुकानांतून एकेक दिवे लागत होते. समोरच्या उदबत्तीचा वास आला. रतनबाईंच्या तळव्यात पडलेला तो गार हात जरासा उबदार झाला. बोटं सुटी झाली, किंचित वाकली, आणि अगदी हळू, अगदी मायेनं, हवेत पुढून मागे फिरू लागली... भांग पाडावा तशी.

"सिस्टर," मच्छिंद्र म्हणाला, "बहिनीला सांगू नका. माझं ते तुमचंच, आसं मीच म्हनलो हुतो."

रतनबाईंनी हात सोडला नाही. सोडायला हवा होता, पण बोटांमधून त्यांच्याही तळव्याला काहीतरी ओलसर, तेलकट लागत होतं.